टेकडी चार बोटं मागे

समोरची टेकडी रोज सकाळी चार बोटं मागे सरकत होती.

डोळ्यांना ते दिसत नव्हतं. कौसा उसेंडीच्या छपरावरच्या वाटीपासून हेटळकसाच्या टेकडीवरच्या वाटीपर्यंतचं अंतर होतं चार हजार दोनशे सतरा मीटर. पहाटे हातातलं यंत्र हाच आकडा दाखवायचं. मग ऊन झाडांच्या शेंड्यांवर यायचं आणि आकड्याचं शेपूट हलू लागायचं. एक सेंटीमीटर, दोन, साडेतीन. साडेनवाच्या सुमारास सात. दुपारी टेकडी थोडी जवळ यायची आणि सूर्य बुडाल्यावर आपल्या जागी परत. पाऊस नव्हता, वारा नव्हता. एप्रिल महिना होता आणि गडचिरोलीच्या त्या कोपऱ्यात रानाला नवी लालसर पानं फुटली होती.

अकरा दिवस कौसानं हे वहीत टिपलं.

"काय वो, आज कुठं गेली तुही टेकडी?" खाली अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसलेल्या डोलूनं विचारलं. डोलू म्हणजे तिचा बाप.

"चार बोटं मागं."

"येईल सांजच्याले घरी. ढोरं येतेत तशी."

कौसा हसली नाही. ती शिडीवर उभी राहून वाटीचा पाया हातानं हलवून पाहत होती. तो हलत नव्हता.

वाटी म्हणजे छपरावर बसवलेली ताटाएवढी अँटेना. कंपनीच्या कागदांत तिचं नाव वेगळं होतं, ते गावात कुणाला आठवत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी वेलारा नावाच्या कंपनीनं कोसमटोल्यात घरटी एक वाटी बसवली आणि इंटरनेट फुकट दिलं. या घरची वाटी त्या घरच्या वाटीकडे बघायची, ती टेकडीवरच्या वाटीकडे, ती पलीकडच्या खोऱ्यातल्या वाटीकडे. असं छपरांवरून उड्या मारत गावाचं बोलणं जगात जायचं. चौदा गावं, दोनशे बारा वाट्या. त्या सगळ्यांची देखभाल कौसाकडे होती. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली गावात ती एकटीच.

अंतर चुकीचं दिसलं तर काय करायचं, ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. बोल्ट आवळा, यंत्र शून्यावर आणा. उन्हानं लोखंड ताणतं, छपरं वाळतात, वाट्या कलतात. कौसानं तीन वर्षं तेच केलं होतं. यंदा मात्र तिनं स्वतः सिमेंटचा पाया घातला होता, बोल्ट नवे होते, आणि तरी टेकडी सरकत होती.

मग तिनं तीन जोड्या निवडल्या. पहिली जोडी दाट रानावरून जाणारी. दुसरी शेतांवरून. तिसरी नदीच्या कोरड्या वाळूवरून. तिन्ही वाट्या सारख्याच, तिन्ही पाये सारखेच. वाळूवरची जोडी जवळपास हलली नाही. शेतांवरची एक बोट हलली. रानावरची चार बोटं. गेल्या वर्षी वणव्यात जळालेल्या उताराच्या वरून एक चौथी जोडी जात होती, ती तिनं शेवटी तपासली. तीही हलत नव्हती.

वही मांडीवर घेऊन तिनं चारही जोड्या एकाखाली एक लिहिल्या.

यंत्र अंतर मोजत नाही, वेळ मोजतं. इथून निघालेली रेडिओची लाट तिकडे किती वेळात पोहोचली, त्यावरून ते अंतर काढतं. चार किलोमीटर जायला लाटेला एका सेकंदाच्या लाखाव्या भागाहून थोडा जास्त वेळ लागतो. पण हवेत पाण्याची वाफ असेल तर लाट किंचित रेंगाळते, आणि यंत्राला वाटतं, टेकडीच लांब गेली. टेकडी जागच्या जागी होती. सकाळचं ऊन पडलं की झाडं पानांची बारीक तोंडं उघडत होती आणि मुळांनी खोलवरून ओढलेलं पाणी हवेत सोडत होती. एक मोठं झाड दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी असं सोडू शकतं, हे ती कॉलेजात शिकली होती. परीक्षेत लिहिलंही होतं. पण तेव्हा ते वाक्य होतं. आता समोर काही लाख झाडं उभी होती, वर एक ढग नाही, जमीन टाचेखाली कडक वाळलेली, आणि या सगळ्यातून एक न दिसणारी नदी वर चढत होती. रोज. ती जन्मायच्या आधीपासून.

तिनं कंपनीला लिहिलं. लिहिलेलं साधंच होतं: कोणत्या जोड्या, कोणते दिवस, किती सेंटीमीटर, आणि मला वाटतं ही रानाची वाफ आहे.

एरवी तिच्या पत्रांना चार दिवसांनी उत्तर यायचं. या वेळी दीड तासात पुण्याहून फोन आला. डॉ. निनाद केळुसकर. कंपनीच्या हवामान विभागाचे प्रमुख. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला हवामान विभाग असतो, हे कौसाला त्या फोनवरूनच कळलं.

"कौसाताई, हे तुम्ही आणखी कुणाला दाखवलंत?"

"बापाला. तो म्हणाला, सांजच्याले येईल."

"मी येतो," केळुसकर म्हणाले. "तसाही करारासाठी येणारच होतो."

*

करार पंधरा वर्षांचा होता. तीन वर्षांची चाचणी संपली होती, आणि पुढं वाट्या ठेवायच्या तर ग्रामसभेची सही हवी होती.

कोसमटोल्याची ग्रामसभा हात वर करून मोजत नाही. गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात सगळे गोल बसतात आणि बाया-पुरुष, प्रत्येक मोठं माणूस आपलं स्वतःच्या तोंडानं सांगतं. एकजण जरी म्हणाला, "माझं ठरलं नाही," तर सभा उठते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसते. दुसऱ्याच्या वतीनं बोलता येत नाही. सामूहिक वनहक्क मिळवताना, तेंदूपानाचा लिलाव ठेकेदाराच्या हातून काढून स्वतःकडे घेताना गाव असंच बसलं होतं. कधी दोनदा, कधी वीसदा.

या करारासाठी सहा सभा झाल्या होत्या. गाव 'हो'कडे झुकलं होतं. अडलं होतं ते कौसापाशी. ती दर वेळी म्हणायची, "मी कंपनीची नोकर. मले धरू नका."

"आमच्यात नोकर-बिकर नसते," म्हाताऱ्या जिरगोबाईनं सहाव्या सभेत तिला सुनावलं होतं. "तोंड हाय ना? मंग बोल. नाहीतर आम्ही बसतो दर सोमवारी. मले काय, घरी सून कटकट करते, इथं सावली हाय."

सगळे हसले होते. कौसाही हसली होती, आणि काहीच बोलली नव्हती. नोकरी गेली तर दुसरी मिळणार नव्हती, हे एक. पण त्याहून खोल काहीतरी होतं. एवढी मोठी कंपनी एवढ्या दूर येऊन एवढं फुकट का देते, हे तिला कळत नव्हतं. आणि जे कळत नाही त्याला 'हो' म्हणायची तिला सवय नव्हती.

गावात तर्क भरपूर होते. कुणी म्हणे, खाणीसाठी. कुणी म्हणे, आपलं बोलणं चोरून ऐकतात. लालसू मास्तर म्हणे, मोबाइल विकायचे असतील. डोलू म्हणे, "माह्यावर डोळा असंल त्यायचा."

*

केळुसकर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ निघाले. पायात शहरी बूट, पण जिथं बसायला दिलं तिथं, बांबूच्या ढिगावरही, ते निमूट बसले. त्यांनी कौसाची वही पहिल्या पानापासून वाचली. वाळूवरच्या जोडीपाशी थांबले, जळालेल्या उतारापाशी पुन्हा थांबले.

"हे शोधायला आम्हाला चौदा माणसं आणि दोन वर्षं लागली होती," ते म्हणाले. वही मिटली, आणि काहीतरी ठरवल्यासारखा लॅपटॉप उघडला. "तुम्ही इथवर आलातच, तर पुढचं बघा."

पडद्यावर पृथ्वी होती. पण देश नव्हते, शहरं नव्हती. मध्यावर एक पट्टा बारीक ठिपक्यांनी भरलेला.

"प्रत्येक ठिपका म्हणजे दोन वाट्यांमधली हवा. चाळीस लाख जोड्या. हा कालचा दिवस. वेग वाढवतो."

सकाळ पूर्वेकडून आली. बोर्निओच्या जंगलावर ठिपके फिके होते ते निळे झाले, मग गडद निळे. सकाळ पुढं सरकली, ब्रह्मदेश, मग भारत. पडद्यावर करंगळीच्या नखाएवढ्या जागी कोसमटोला होता, आणि तोही बरोबर वेळेला निळा झाला. चार बोटं. कौसाला ते ओळखीच्या माणसासारखं दिसलं. मग समुद्र ओलांडून काँगोचं रान, मग अॅमेझॉन. एक जंगल श्वास सोडून थांबतं न थांबतं तोच दुसरं सोडत होतं. पृथ्वीच्या कमरेभोवती एकच सलग श्वास फिरत होता, आणि त्याला सुरुवात नव्हती की शेवट नव्हता.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्यांनी लावलं. डोलू मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं विचारलं, हे काय आहे. कौसानं सांगितलं. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"मी हे पहिल्यांदा पाहिलं त्यानंतर दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही," केळुसकर म्हणाले. "उपग्रहाला वरून ढग दिसतात. पण पाऊस जिथं तयार होतो ती जमिनीलगतची ओल त्याला नीट दिसत नाही. आपल्याला दिसते. म्हणून वीस दिवस पुढचा पाऊस सांगता येतो. मोठा असेल तर आठ-नऊ दिवस आधी कोणत्या नदीला, किती वाजता, हेही."

"पण वाट्या आमच्याकडेच का? शहरात तर जास्त लोक वापरतात."

"शहरात इंटरनेट जमिनीखालून जातं. काचेच्या तारेतून. काचेला हवेचं काही कळत नाही." त्यांनी पडद्यावरच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. "श्रीमंत देशांत सगळं काचेतून जातं. जिथं तार पोहोचली नाही तिथंच लाट हवेतून जाते. आणि पृथ्वीवर जिथं सर्वांत जास्त वाफ वर चढते, तीच नेमकी तार न पोहोचलेली जागा आहे."

"म्हणून फुकट."

"म्हणून फुकट."

"आमचं बोलणं ऐकता का तुम्ही?"

"नाही. खरंच नाही. तुमच्या बोलण्याशी कंपनीला काहीच देणंघेणं नाही."

कौसाला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला आत कुठंतरी लागलं. गावानं तीन वर्षं दबक्या आवाजात भांडणं केली होती, कंपनी ऐकेल म्हणून. त्यांचं बोलणं म्हणजे लाट जात राहावी यासाठी दिलेलं निमित्त होतं. ते गिऱ्हाईक नव्हते, मालही नव्हते. ज्यांना जाळं बांधायचं ते खुंटे होते.

"करारात चौदावं कलम आहे," ती म्हणाली. "पंधरा वर्षं गावानं सरकारकडे तार मागायची नाही. मला वाटायचं, कंपनीला चढाओढ नको असेल."

"तार आली की वाट्या बंद पडतील. ठिपके विझतील." केळुसकरांनी मान खाली घातली. "ते कलम मी लिहिलेलं नाही. पण वाचलेलं आहे."

*

तिला आणखी एक गोष्ट विचारायची होती. ती विचारण्याआधी तिनं पाणी घेतलं आणि त्यांनाही दिलं.

"दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट लावता?"

"ताई, त्यात—"

"वीस तारखेला इरपगुड्याला पूर आला. तिथंच आमची नदी मोठ्या नदीला मिळते. माझी धाकटी बहीण दिलेली आहे तिथं. जैनी. तिचा नवरा अंगणवाडीच्या म्हाताऱ्या मदतनीसबाईंना आणायला मागे फिरला, तो आलाच नाही. सुधाकर नाव होतं."

केळुसकरांनी तारीख लावली. पावसाळ्याची ओल वेगळी दिसत होती. समुद्राकडून निळे पट्टे येत होते, वाटेतल्या रानांचा श्वास घेऊन जाड होत होते. अकरा तारखेला ते मध्य भारतावर गाठीसारखे गोळा होऊ लागले. त्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल वर्तुळ उमटलं. नदीचा संगम. खाली वेळ होती: वीस ऑगस्ट, पहाटे चार ते सात.

"नऊ दिवस," कौसा म्हणाली.

"अंदाज ग्राहकांना अकरालाच गेला. वीज कंपन्या, विमा कंपन्या, धान्याचे मोठे व्यापारी. सगळ्यांसाठी खुला होतो तो आठवड्यानं. त्या आठवड्याचीच तर किंमत असते. अठराला सरकारला कळलं. एकोणीसला बहुधा तालुक्याला. गावात कुणी पोहोचेपर्यंत—"

"रात्र झाली होती."

तिनं आपल्या जोडीचा आलेख मागितला. दहा तारखेला सहा बोटं. अकराला नऊ. बाराला तेरा. तेराला एकदम शून्य.

तिला तो दिवस स्वच्छ आठवला. खूप दमट होतं, पाऊस पडत नव्हता. टेकडी तेरा बोटं मागं गेली होती. आणि ती निसरड्या शिडीवर पाना घेऊन चढली होती, बोल्ट आवळले होते, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे यंत्र शून्यावर आणलं होतं. खाली उतरून समाधानानं चहा घेतला होता.

"हे शून्य मी केलं," ती म्हणाली.

"त्यानं काही बिघडलं नाही. कच्चा आकडा आमच्याकडे येतोच. आणि ताई, एका जोडीवरून कुणालाच काही कळलं नसतं. तुमची जोडी म्हणजे एक अक्षर. सगळ्या वाट्या मिळून वाक्य होतं."

"वाक्य वाचणारे होते ना पण."

केळुसकरांनी आलेख बंद केला.

"तुम्हाला इरपगुडा माहीत होतं?"

"नाव माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ठिपका माहीत होता."

*

जैनी मोहफुलं वेचायला माहेरी आली होती. सकाळी झाडाखाली दोघी बसून फुलं टोपलीत टाकत होत्या. कौसानं सगळं सांगितलं. वाफ, पडदा, नऊ दिवस. शिडीही सांगितली. ती सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

जैनीचे हात चालूच होते.

"तेरा बोटं," ती म्हणाली. "आन् तू पाना घेऊन चढली."

"हाव."

"तुले समजलं होतं, का होते ते?"

"नाही."

"त्यायले?"

"हाव."

जैनीनं ओंजळभर फुलं घेतली, टाकली नाहीत. "नऊ दिवसांत तर सुधाकर पायी चंद्रपूरले जाऊन, सिनेमा पाहून वापस आला असता."

मग ती रडली. कौसानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही. थोड्या वेळानं पदरानं नाक पुसून तिनं पुन्हा फुलं वेचायला घेतली.

"यंदा?" तिनं विचारलं. "यंदाचा पाऊस दिसते का त्यायले?"

"अजून लांब हाय. दिसंल."

"आमाले कधी सांगतीन?"

"आठवड्यानं."

"माह्यं घर आता वर बांधलं, टेकाडावर. बाकीचा अर्धा गाव खालीच हाय, ताई. आपल्या शेजारच्या मंकूची नर्सिंगची शाळाबी या वाट्यांवरच चालते. वाट्या काढल्या तर पोरीचं वर्ष जाते. ठेवल्या तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "तू सहा सभा गप बसली. बा सांगत होता. मले वाटलं, ताई हुशार, इचार करत असंल."

"करतच होतो."

"मंग झाला का?"

झाडावरून एक फूल टोपलीत पडलं, दुसरं बाहेर. वरती सकाळ चढत होती, आणि तिला आता ते न पाहता कळत होतं की डोक्यावरचं प्रत्येक पान उघडलं आहे.

"माह्यापाशी बोलू नको," जैनी म्हणाली. "जिथं बोलायचं तिथं बोल."

*

सातव्या सभेला केळुसकरांनी स्वतः सांगितलं. कौसानं तशी विनंती केली होती. ते टाळतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी काही लपवलं नाही. लॅपटॉप गोलाच्या मध्ये ठेवून त्यांनी पृथ्वीचा श्वास दाखवला, आणि बायांनी पोरांना पुढं बसवलं. दुसऱ्यांदा दाखवला. तिसऱ्यांदा कुणीच मागितला नाही, पण कुणी नजरही काढली नाही. मग त्यांनी ऑगस्टही दाखवला. जैनी पाहुणी म्हणून गोलाबाहेर बसली होती. तिला इथं मत नव्हतं.

मग डोलूनं घसा साफ केला.

"साहेब, तेंदूचं पान कोनाचं?"

"गावाचं. कायद्यानं."

"बांबू?"

"गावाचा."

"मोहफूल, डिंक, मध, हे सारं गौण वनोपज. कागद हाय आमच्यापाशी, सरकारी शिक्क्याचा. मंग पानातून जे निघते, ते कोनाचं?"

केळुसकर किंचित हसले, पण थट्टेनं नव्हे. "दादा, हवा कुणाच्याच मालकीची नसते."

"मंग तुम्ही इकता कशी?" जिरगोबाईनं विचारलं.

गोलात हशा उसळला. केळुसकरांनी तो शांत होऊ दिला. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माझ्या हातात एवढंच आहे की तुमचं म्हणणं मी वर पोहोचवीन. करार एका गावासाठी बदलत नाहीत. सही झाली नाही तर वाट्या काढून नेतात."

"आन् ते हेटळकसावरची गेली तर?" लालसू मास्तरांनी विचारलं. "तीन खोरी तिच्यावरूनच जुळतेत म्हणे."

"तर मधे भोक पडेल. मोठं."

"कोनाले पडंल? आमाले का तुमाले?"

"दोघांना," केळुसकर म्हणाले. "तुमचं फोन-इंटरनेट जाईल. आमचा अंदाज आंधळा होईल. इथल्या नद्यांपुरता तरी." आणि मग, विचारलं नसताना, ते म्हणाले, "हे सांगितल्याबद्दल माझीही नोकरी जाऊ शकते. पण तुम्ही विचारलंत."

सभा गोलानं बोलू लागली. डाव्या हाताला बसलेल्या पहिल्या माणसापासून.

"माझं ठरलं नाही." "माझंबी नाही." "पोरगा पुण्याले हाय, रोज बोलते. माझं ठरलं नाही." जिरगोबाई म्हणाली, "मी मागल्या सहा वेळा हो म्हनलं. आता जीभ रेटत नाही. माझं ठरलं नाही." लालसू मास्तर म्हणाले, "मले वाटते, कौसाच्या मनात काय हाय ते—" आणि चौघांनी एकदम त्यांना थांबवलं, "तसं चालत नाही, मास्तर." त्यांनी मान डोलावली. "मंग माझं ठरलं नाही."

डोलूची पाळी आली. त्यानं लेकीकडे पाहिलं नाही. "मी रानाले लहानपनापासून ओळखतो," तो म्हणाला, "आन् ते श्वास घेते हे मले परवा समजलं. माझं ठरलं नाही."

आणि आवाज कौसापाशी येऊन थांबला.

सहा सभांत याच जागी ती एक वाक्य बोलली होती आणि सगळे उठून घरी गेले होते. आज कुणी उठायच्या बेतात नव्हतं. केळुसकरांनी लॅपटॉप मिटला. गोलाबाहेर जैनी गुडघ्यांभोवती हात बांधून बसली होती.

कौसा उभी राहिली.

"मी कंपनीची नोकर," ती म्हणाली, आणि कुणीतरी नि:श्वास सोडला. "हे मी सहा वेळा सांगतलं. त्याच्या मागं लपलो होतो. आज नाही लपत."

ती केळुसकरांकडे वळली. "सर, तुम्ही दाखवलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एवढं मोठं काही माझ्या छपरावरून जात होतं आणि मी त्याचे बोल्ट आवळत होते. ते बंद पडावं असं मला वाटत नाही. आणखी गावं जोडा. पण ज्याच्या दारात पाणी शिरणार त्याला सगळ्यांत शेवटी कळतं, हे मला चालणार नाही." मग ती पुन्हा गोलाकडे वळली आणि शब्द पुन्हा गावचे झाले. "रानानं आज जे सांगतलं ते आजच इरपगुड्याले कळलं पाहिजे. व्यापाऱ्याच्या आधी, सरकारच्या आधी. तसं लिहून येत नाही, चौदावं कलम जात नाही, तोवर एकबी वाटी छपरावर राहायले नको. मंकूचं वर्ष जाईल. माझी नोकरी जाईल. आपलं सारं बोलणं बंद होईल, किती दिवस ते मले माहीत नाही. हे सगळं मी मोजलं हाय."

तिनं एक श्वास घेतला.

"माझं ठरलं," कौसा म्हणाली. "या करारावर माझी सही नाही. वाट्या उतरवायच्या."